दोन पहिल्या राउंडचे पिक देऊन एकच डिफेन्डर घ्यायचा, परवडतं का हो?

२०२५ चा गणपती. आमचा दीड दिवसाचा बाप्पा बोळवून आम्ही नुकतेच आडवे झालो होतो आणि फोन वाजला, मॅडिसनला शिकणारा भाचा होता, मला वाटलं काय झालं आता आणि हा तिकडून ओरडतोय, "मामा, मायका पार्सन्स आमचा झाला!" मायका पार्सन्स हा डॅलस काउबॉयजचा डिफेन्डर, म्हणजे समोरच्या टीमला अडवणारा खेळाडू. मॅडिसन विस्कॉन्सिनमध्ये येतं आणि तिथे दोन हिवाळे काढले की माणूस आपोआप ग्रीन बे पॅकर्स या तिथल्या फुटबॉल टीमचा होतो. मी मात्र शिकागो बेअर्सवाला, कंपनीने ऑनसाइट म्हणून शिकागोजवळ नेपरव्हिलला पाठवलं होतं तेव्हा हे व्यसन लागलं ते २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याला परत आलो तरी सुटलं नाही. बेअर्स आणि पॅकर्स म्हणजे शंभर वर्षांची भाऊबंदकी, त्यामुळे आमच्या घरातही ती आलीच. तर ओरडून झाल्यावर त्याने विचारलं, "दोन फर्स्ट राउंड आणि वर आपला डिफेन्डर केनी क्लार्क दिलाय, जास्त दिले का रे मामा?" मी म्हटलं सकाळी सांगतो, आणि सकाळी सांगायला बसलो तर ते इतकं लांबलं की म्हटलं लिहूनच काढू.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडंसं. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो अमेरिकन फुटबॉल, त्यांची लीग एनएफएल, टीम ३२. दरवर्षी एप्रिलमध्ये कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांचा ड्राफ्ट होतो. आयपीएलसारखा लिलाव नसतो, बोली नाही आणि पॅडल नाही, नुसती रांग असते. जी टीम मागच्या सीझनला सगळ्यात वाईट खेळली तिचा नंबर पहिला आणि जी जिंकली तिचा शेवटचा, असे सात राउंड. रांगेतली ही जागा म्हणजेच पिक, आणि ती विकता येते, अगदी पुढच्या वर्षीची आणि त्याच्या पुढच्या वर्षीचीसुद्धा. म्हणजे रेशनच्या रांगेतला नंबरच दुसऱ्याला विकल्यासारखं, तेही पुढच्या वर्षी तुम्ही रांगेत कुठे उभे असाल हे दोघांनाही माहीत नसताना. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता नुसत्या नंबराला एवढं सोनं का लागलंय? कारण पगार. २०११ पासून नियम असा झाला की नवीन पोराचा पगार त्याच्या पिकच्या नंबरावरून जवळजवळ ठरलेलाच, चार वर्षांचा करार, आणि पहिल्या राउंडचा असेल तर टीमला वाटलं तर पाचवं वर्षही. त्याआधी काय गंमत होती बघा, २०१० मध्ये पहिला निवडला गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७८ मिलियन डॉलर मिळाले, त्यातले ५० गॅरंटीड, एकही मॅच न खेळता! आणि २०११ मध्ये पहिलाच निवडला गेलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे २२ मिलियन. एका वर्षात भाव असा पडला. आता टीमने सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा याला कॅप असते, २०१८ मध्ये ती १७७.२ मिलियन होती आणि २०२५ मध्ये २७९.२. म्हणजे एखादा पोरगा स्वस्तात चांगला निघाला की उरलेल्या पैशात दुसरे दोघं घेता येतात. ड्राफ्टचा खरा फायदा हाच, चांगला माणूस स्वस्तात चार वर्षं.

मी भाच्याला फ्लॅटच्या भाषेत सांगितलं. पिक म्हणजे अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅट. ब्रोशर झकास, रेट कमी, पण पझेशन कधी मिळेल, लिफ्ट चालेल का, पाणी येईल का, सगळं रामभरोसे. तयार स्टार म्हणजे रेडी पझेशन, आत जाऊन नळ सोडून बघता येतो. पण रेडी फ्लॅटला भाव जास्त आणि वर महिन्याचा हप्ता पूर्ण, आणि इथेच बहुतेक लोकांचं गणित चुकतं. टीव्हीवर सगळे बोलतात ते पिकवर, 'दोन फर्स्ट राउंड दिले, बापरे'. पण ते फक्त डाउन पेमेंट असतं. ज्या स्टारसाठी ट्रेड होतो त्याचा जुना करार जवळजवळ नेहमीच संपत आलेला असतो, नाहीतर जुनी टीम त्याला विकेलच कशाला, त्यामुळे तो आला की आज ना उद्या नवा करार, बाजारातल्या सगळ्यात महागड्या भावाने. म्हणजे तुम्ही स्वस्त माणूस मिळवायची संधी देऊन टाकली आणि महाग माणूस घेतला. किंमत दोनदा मोजली. माझं म्हणणं एवढंच आहे की असा सौदा बुडतो तेव्हा तो पिकमुळे क्वचित बुडतो, हप्त्यामुळे बुडतो, आणि हप्ता झेपणार की नाही हे त्या डिफेन्डरवर नसतं, बाकीच्या घरावर असतं.

आता आमच्या बेअर्सची गोष्ट, कारण ती मी डोळ्यांनी बघितलीय. १ सप्टेंबर २०१८, सीझन सुरू व्हायला आठवडा, ओकलंड रेडर्सचा खलील मॅक नव्या कराराशिवाय खेळणार नाही म्हणून बसलेला, त्यांचा कोच जॉन ग्रुडन नुकताच दहा वर्षांसाठी परत आलेला आणि त्याने मॅकला चक्क विकला. बेअर्सने २०१९ आणि २०२० चे पहिल्या राउंडचे पिक, शिवाय एक तिसऱ्या राउंडचा आणि एक सहाव्याचा दिला, आणि मॅकबरोबर २०२० चा दुसऱ्या राउंडचा परत घेतला. लगेच मॅकचा करार, सहा वर्षं १४१ मिलियन, ९० गॅरंटीड. वर्षाला साडेतेवीस मिलियन, म्हणजे तेव्हाच्या कॅपचे तेरा टक्के एका माणसावर, आणि तो माणूस बॉल फेकतही नाही, पळवतही नाही.

मग काय करतो? मॅक हा एज रशर. लाइनच्या टोकाला उभा राहतो आणि त्याचं काम एकच, समोरच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने, बॉल फेकायच्या आधी त्याच्यापर्यंत पोचायचं आणि त्याला आडवा करायचा, याला सॅक म्हणतात. कबड्डीत कोपऱ्यातला खेळाडू चढाई करणाऱ्याचा घोटा धरतो ना, तसंच, फक्त मध्ये दीडशे किलोचा माणूस अडवायला उभा असतो. आणि वेळ किती, अडीच-तीन सेकंद.

१० सप्टेंबरचा सोमवार, पहाटे पाच पन्नास, तीन दिवसांवर गणपती, घरात साफसफाईचा पसारा आणि मी मखराच्या थर्माकोलशेजारी लॅपटॉप ठेवून चहा घेऊन बसलेलो. ग्रीन बेमध्ये मॅच, मॅकला टीममध्ये येऊन नऊ दिवस झालेले. पॅकर्सचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स गुडघा दुखावून गाडीत बसून आत गेला आणि बदली म्हणून डिशोन काइझर आला. पॅकर्स बेअर्सच्या गोलजवळ पोचलेले. मॅक आपल्या ब्लॉकरला ढकलत ढकलत मागे घेऊन गेला, काइझरपर्यंत पोचला आणि त्याला पाडता पाडताच त्याच्या हातातला बॉल काढून घेतला, म्हणजे नुसता पाडला नाही, लहान पोराच्या हातातून खेळणं घ्यावं तसा घेतला! पुढे काइझरने घाबरून एक आखूड पास फेकला तर तोही मॅकच्याच हातात, आणि तो घेऊन २७ यार्ड पळत थेट शेवटच्या रेषेपार, म्हणजे टचडाउन. हाफटाइमला १७–०, मग २०–०. मी बायकोला उठवलं, ती म्हणाली आधी तो थर्माकोल बाजूला कर.

आणि मग रॉजर्स परत आला. एका पायावर लंगडत खेळला आणि २४–२३ ने मॅच घेऊन गेला. मला ऑफिसला उशीर झाला तो वेगळाच. पण बघा, या लेखात मला जे सांगायचंय ते सगळं त्या एका मॅचमध्ये होतं. बदली क्वार्टरबॅकला मॅकने खाऊन टाकला, खरा क्वार्टरबॅक आला आणि मॅक आहे तिथेच, तितकाच चांगला, तरी हरलो. कारण समोर रॉजर्स होता आणि आमच्याकडे मिच ट्रुबिस्की.

ट्रुबिस्कीचं वेगळं सांगायला हवं. २०१७ मध्ये बेअर्सने एक जागा वर सरकायला पिक खर्चून त्याला दुसऱ्या नंबरवर घेतला, त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या नंबरवर पॅट्रिक महोम्स गेला, पुढे लीगमधला सगळ्यात भारी क्वार्टरबॅक ठरलेला, जाऊ दे. तर बेअर्सचा हिशोब असा होता की क्वार्टरबॅक नवा आहे, स्वस्त करारावर आहे, म्हणजे दोन-तीन वर्षं हातात पैसा आहे, तेवढ्यात महागडा डिफेन्डर घेऊन टाकू. हिशोब कागदावर बरोबरच होता, आजही टीम असाच विचार करतात. आणि पहिल्या वर्षी तो चाललाही, मॅकचे १४ मॅचमध्ये साडेबारा सॅक, बेअर्सने अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी पॉइंट दिले, १२–४ रेकॉर्ड, म्हणजे १२ जिंकल्या आणि ४ हरल्या, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, ईगल्सविरुद्ध कोडी पार्कीची शेवटची किक आधी खांबाला आणि मग आडव्या दांडीला लागून बाहेर, १६–१५ ने घरी. ते अजूनही बघवत नाही. मग डिफेन्सचा कोच विक फॅन्जिओ डेन्व्हरला हेड कोच म्हणून गेला, ट्रुबिस्की सुधारलाच नाही, पुढची दोन वर्षं ८–८, ८–८, मग ६–११, आणि मार्च २०२२ मध्ये मॅकला चार्जर्सकडे एका दुसऱ्या राउंडच्या आणि एका सहाव्या राउंडच्या पिकवर दिला. जाताना करारातले जे पैसे आधी देऊन पुढच्या वर्षांवर ढकलले होते ते सगळे अंगावर आले, २०२२ मध्ये २४ मिलियन कॅपमधून गेले अशा माणसाचे जो आमच्याकडे खेळतच नव्हता. गाडी विकली तरी हप्ता चालू म्हणतात तो हा प्रकार.

मग मॅकचा सौदा फसला का? थांबा, समोरच्याचं पण बघू.

या धंद्यात एक जुना तक्ता आहे, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉयजवाल्यांनी बनवलेला, त्यांच्या तेव्हाच्या कोचच्या नावावरून त्याला जिमी जॉन्सनचा तक्ता म्हणतात. पहिल्या पिकला ३००० पॉइंट, दुसऱ्याला २६००, तिसऱ्याला २२००, चौथ्याला १८००, दहाव्याला १३००, असं उतरत जातं. बेअर्सचे दिलेले पिक शेवटी २४ वा, १९ वा आणि ८१ वा निघाले, म्हणजे ७४०, ८७५ आणि १८५, एकूण १८००. परत आलेला ४३ वा, त्याचे ४७०. वजा केले तर १३३०, म्हणजे साधारण दहाव्या नंबराचा एक पिक. लोक 'दोन फर्स्ट राउंड' म्हणून छाती बडवत होते आणि प्रत्यक्षात मॅक पडला एका दहाव्या पिकला! का, तर मॅक आल्यामुळे टीम चांगली खेळली, आणि टीम चांगली खेळली की तिचा पिक मागे जातो. दिलेली वस्तूच स्वस्त होते.

आणि रेडर्सने त्या पिकचं काय केलं? २४ वर जॉश जेकब्स, रनिंग बॅक म्हणजे बॉल घेऊन पळणारा, चांगला निघाला, २०२२ ला लीगमध्ये सगळ्यात जास्त यार्ड पळाला, १६५३. त्याचा चार वर्षांचा करार साधारण १२ मिलियनचा, म्हणजे मॅकच्या एका वर्षाच्या निम्म्यात जेकब्सची चार वर्षं. हा खरा ड्राफ्टचा फायदा. १९ वर डेमन आर्नेट, दोन वर्षंही टिकला नाही, नोव्हेंबर २०२१ मध्ये काढला. दोन फ्लॅट घेतले, एकात छान संसार झाला आणि एक बिल्डर घेऊन पळाला. २०१८ मध्ये, मॅक गेल्यावर, रेडर्सच्या अख्ख्या टीमचे सॅक होते १३. एकट्या मॅकचे साडेबारा. हे मी मुद्दाम सांगतो कारण काही आकडे भाषणापेक्षा जास्त बोलतात.

पण मला सगळ्यात आवडतो तो याच गोष्टीचा पुढचा भाग. मॅकची जागा भरायला रेडर्सने २०१९ मध्ये स्वतःचा चौथा पिक, म्हणजे रांगेतला चौथा माणूस, वापरला आणि क्लेलिन फेरेल नावाचा एज रशर घेतला. तो चाललाच नाही. आणि त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या राउंडमध्ये, १०६ व्या नंबरवर, शंभर पोरं निवडून झाल्यावर, त्यांनी मॅक्स क्रॉस्बी घेतला, आणि तो लीगमधल्या सगळ्यात भारी एज रशरांपैकी एक झाला. त्याच टीमने, त्याच तीन दिवसांत, त्याच पोझिशनला! त्यांना जर माहीत असतं की क्रॉस्बी कोण आहे तर त्यांनी फेरेलवर चौथा पिक घातला असता का?

यावर अभ्यास आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हो, २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला तोच थेलर) यांनी ड्राफ्टवर एक पेपर लिहिला, त्यात बघितलं की एकाच पोझिशनचे दोन खेळाडू लागोपाठ निवडले गेले तर आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा चांगला निघतो का. उत्तर, ५२ टक्के वेळा. नाणेफेक ५० असते. सगळे स्काउट, सगळे कॉम्प्युटर, सगळ्या पोरांची उंची-वजन-पळणं मोजून झाल्यावर नाणेफेकीपेक्षा दोन टक्के जास्त. त्यांचं म्हणणं असं की टीम स्वतःच्या नजरेवर फार विश्वास ठेवतात आणि वरचे पिक त्यांच्या लायकीपेक्षा महाग विकले जातात. अर्थात तो डेटा २०११ च्या आधीचा, जेव्हा वरच्या पोरांना ब्रॅडफर्डसारखे पगार मिळायचे, आता पगार उतरल्याने वरचे पिक तेवढे वाईट राहिले नाहीत, पण नाणेफेक ती नाणेफेकच. म्हणून पिक दिले म्हणून रडू नये. आणि उलटंही, समोरच्याने पिक वाया घालवला म्हणून आपला सौदा चांगला ठरत नाही. जॅक्सनव्हिलने जेलन रॅम्झीच्या बदल्यात आलेल्या पिकवर काय केलं त्याने लॉस एंजेलिस रॅम्सला काय मिळालं हे बदलत नाही, शेजाऱ्याने आपले पैसे लॉटरीत उडवले म्हणून आपली गाडी जास्त ॲव्हरेज देते का?

रॅम्झी आलाच आहे तर ती यशोगाथा. ऑक्टोबर २०१९, रॅम्सने दोन पहिले राउंड आणि एक चौथा राउंड देऊन कॉर्नरबॅक रॅम्झी आणला. कॉर्नरबॅक म्हणजे समोरच्या सगळ्यात चांगल्या रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्याच्या, सावलीसारखा फिरणारा. पिक निघाले २० वा आणि २५ वा, तक्त्यावर ८५० आणि ७२० म्हणजे १५७०, सहाव्या-सातव्या नंबराच्या आसपास. रॅम्सचा मॅनेजर लेस स्नीड, याला पिकचं ममत्वच नाही, २०१६ मध्ये पहिला पिक वापरून जॅरेड गॉफ घेतला त्यानंतर २०२४ पर्यंत यांनी पहिल्या राउंडमध्ये एकही माणूस निवडला नाही. पुढे गॉफ आणि आणखी पिक देऊन मॅथ्यू स्टॅफर्ड आणला, नोव्हेंबर २०२१ मध्ये दुसरा-तिसरा राउंड देऊन व्हॉन मिलर आणला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला, २३–२०. मिरवणुकीत स्नीडने पिकना शिवी घालणारा टी-शर्ट घातला होता, तो शब्द इथे लिहीत नाही, घरातली लोकं वाचतात.

पण ती फायनल नीट बघितली तर मजा आहे. दुसऱ्या हाफच्या पहिल्याच चालीत टी हिगिन्सने रॅम्झीला मागे टाकून ७५ यार्डाचा टचडाउन केला. त्याने रॅम्झीच्या हेल्मेटची जाळी धरून ओढली होती, अंपायरला दिसलं नाही, पण स्कोअरबोर्डला कारण सांगता येत नाही. म्हणजे दोन पहिले राउंड देऊन आणलेला माणूस सगळ्यात मोठ्या दिवशी जमिनीवर, आणि तरी टीम जिंकली, कारण स्टॅफर्ड होता, कूपर कप होता जो तिसऱ्या राउंडमध्ये मिळालेला, आणि शेवटी सिनसिनाटीच्या जो बरोला धरून गरागरा फिरवला तो ॲरन डोनल्डने, ज्याला रॅम्सने २०१४ मध्ये १३ व्या नंबरवर स्वतःच निवडला होता. विकत घेतलेला स्टार हा वरचा मजला, तळमजला आधीच होता. आणि रॅम्स ड्राफ्ट टाकून देतात हाही गैरसमज, ते फक्त पहिला राउंड देतात, खालचे राउंड ढीगभर जमवतात, २०२३ मध्ये त्यांनी १४ पोरं निवडली आणि पाचव्या राउंडमध्ये पुका नाकुआ मिळाला. तरी बिल आलंच हो, २०२२ ला ५–१२, आणि त्यांचा तो वाईट सीझनचा पिक सहावा निघाला तो स्टॅफर्डच्या सौद्यातून डेट्रॉइटकडे. रॅम्झीला २०२३ मध्ये एका तिसऱ्या राउंडवर आणि एका खेळाडूवर मायामीला दिला. पण कपाटात ट्रॉफी आहे त्यामुळे कोणी विचारत नाही.

आता याच्या उलट, आणि माझ्या मते हे सगळ्यात शिकण्यासारखं आहे, सिएटल. जुलै २०२०, न्यूयॉर्क जेट्सचा जमाल ॲडम्स. दिलं काय, २०२१ चा पहिला राउंड, २०२२ चा पहिला राउंड, एक तिसरा राउंड आणि एक खेळाडू. ॲडम्स सेफ्टी होता, म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा, पण याची खासियत पुढे धावून क्वार्टरबॅकला पाडण्याची. पहिल्याच वर्षी साडेनऊ सॅक, मागच्या फळीतल्या खेळाडूसाठी रेकॉर्ड. वाहवा झाली, मग चार वर्षांचा ७० मिलियनचा करार, आणि करार झाल्यावरच्या सीझनला सॅक शून्य. २०२२ मध्ये पहिल्याच मॅचमध्ये मांडीचा स्नायू फाटून सीझन संपला, मार्च २०२४ मध्ये सोडून दिला. मधल्या काळात २०२१ ला त्यांचा क्वार्टरबॅक रसेल विल्सनच्या बोटाला लागलं, सिएटल ७–१० झाली, आणि तो देऊन बसलेला पिक थेट दहावा निघाला. जेट्सने त्यावर गॅरेट विल्सन घेतला, तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा ऑफेन्सिव्ह खेळाडू ठरला. तक्त्यावर नुसते दोन पहिले राउंडच बघा, २३ वा ७६० आणि १० वा १३००, झाले २०६०. मॅकपेक्षा ॲडम्स महाग पडला! हे २०२० मध्ये कोणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. रांगेतला नंबर विकताना पुढच्या वर्षी कुठे उभे असू ते माहीत नसतं म्हटलं ना, ते हेच.

आणि सेफ्टी घेऊच नये असंही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पिट्सबर्गने मिन्का फिट्झपॅट्रिक घेतला, तोही सेफ्टीच, मुख्य किंमत एकच पहिला राउंड. तेव्हा टीम ०–२, क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गर कोपर धरून सीझनबाहेर, सगळे म्हणाले हा पिक पहिल्या पाचात जाणार, मूर्ख आहेत. पण टीम ८–८ झाली, पिक १८ वा गेला, आणि फिट्झपॅट्रिक तेव्हा करिअरच्या दुसऱ्याच वर्षात होता म्हणजे नवख्याच्याच स्वस्त पगारावर आला. डाउन पेमेंट भरलं पण हप्ता जवळजवळ तीन वर्षं नाहीच. असा माल बाजारात फार कमी येतो, आला तर डोळे झाकून घ्यावा.

बाकी उदाहरणं खूप आहेत. २००८ मध्ये मिनेसोटाने जॅरेड ॲलन आणला, २०११ ला त्याने २२ सॅक केले. २०१९ मध्ये कॅन्सस सिटीने फ्रँक क्लार्क आणला आणि त्याच सीझनला सुपर बोल जिंकला, पण तिथे महोम्स होता, महोम्स असताना मीही मॅनेजर म्हणून चाललो असतो. २०१३ मध्ये टॅम्पाने डॅरेल रिव्हिससाठी १३ वा पिक दिला आणि एका सीझननंतर त्याला सोडून दिला, का ते त्यांनाच माहीत.

हे सगळं सांगून झाल्यावर भाच्याने विचारलं, "म्हणजे आम्ही बरोबर केलं की चूक?" मी म्हटलं, बाळा, चार गोष्टी बघ. तुमच्याकडे क्वार्टरबॅक आहे का, आहे, जॉर्डन लव्ह, आणि हा बेअर्सच्या २०१८ पेक्षा सगळ्यात मोठा फरक. माणूस कुठल्या जागेचा, एज रशर, बॉल सुटायच्या आधी पोचणारा, तिथे पैसे वाजतात. वय, २६, म्हणजे करार संपेल तेव्हाही तिशीत नुकताच. आणि दिलेले पिक मागेच जाणार का, तर टीम चांगली आहे, जावेत. हप्ता मात्र भयंकर, चार वर्षं १८८ मिलियन, वर्षाला ४७, कॅपचे जवळजवळ सतरा टक्के, मॅकचे तेरा होते. त्यात त्या लव्हचाही पगार आता नवख्याचा नाही. म्हणजे दोन मोठे हप्ते एकाच घरात. मी म्हटलं मी असतो तर केला असता, पण गुडघ्याला नारळ फोडून.

नारळ फोडायला हवा होता. डिसेंबरमध्ये डेन्व्हरमध्ये पार्सन्सचा गुडघा गेला, लिगामेंट फाटलं. तोपर्यंत १४ मॅच आणि साडेबारा सॅक, मॅकचे २०१८ चे आकडे काढून बघा, तेच, १४ आणि साडेबारा. पॅकर्स ९–३–१ वर होते (शेवटचा आकडा बरोबरीचा) ते ९–७–१ वर थांबले. तिकडे काउबॉयजने नोव्हेंबरमध्येच आपल्याकडच्या २०२७ च्या पहिल्या राउंडपैकी एक आणि वर एक दुसरा राउंड देऊन जेट्सकडून क्विनन विल्यम्स आणला, म्हणजे डिफेन्डर विकून पिक आणले आणि पिक देऊन डिफेन्डर आणला, त्यांचा मालक जेरी जोन्सचं डोकं आहे. त्याच दिवशी जेट्सने आपला कॉर्नरबॅक सॉस गार्डनर इंडियानापोलिसला दोन पहिल्या राउंडवर आणि एका रिसीव्हरवर विकला. इंडियानापोलिस तेव्हा ७–२ होती, मग क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सच्या टाचेची शीर तुटली आणि टीम ८–९ वर आटपली, दिलेला पिक महाग झाला तो झालाच. तिथेही गार्डनरने काही बिघडवलं नव्हतं.

आणि जानेवारीत प्लेऑफ, कोण विरुद्ध कोण तर बेअर्स विरुद्ध पॅकर्स, शिकागोत. इकडे रविवारची सकाळ, पोहे होत होते. हाफटाइमला पॅकर्स २१–३ पुढे, भाच्याचे मेसेजवर मेसेज, मी फोन उलटा ठेवला. पार्सन्स मैदानावर नव्हताच. आमच्याकडे या वेळी केलेब विल्यम्स होता, ड्राफ्टमधून घेतलेला, नवख्याच्या पगारावरचा क्वार्टरबॅक, आणि त्याच्यामागे धावायला पॅकर्सकडे ४७ मिलियनचा माणूस बाहेर बसलेला. ३१–२७, बेअर्स. मी फोन सुलटा केला तर शेवटचा मेसेज होता, "मामा, बोलू नकोस काही."

मी नाही बोललो. पोहे खाल्ले.